समुद्रावरचा हवामान-अंदाज फुकट कसा झाला?

एखादा हौशी दर्यावर्दी आज दहा-बारा मीटर लांबीची शिडाची बोट घेऊन महासागर ओलांडायला निघतो, तेव्हा त्याच्याजवळ होकायंत्र आणि वायुभारमापक यांच्या जोडीला एक साधा संगणकही असतो. त्यावर तो हवामानाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, उघडतो. पडद्यावर समुद्राचा नकाशा येतो. नकाशाभर पिसे लावलेल्या बाणांसारख्या खुणा दिसतात. खुणेचा दांडा वाऱ्याची दिशा सांगतो आणि पिसांची संख्या वाऱ्याचा वेग सांगते. मधून समभार रेषा फिरलेल्या असतात. कळ दाबली की नकाशा तीन तासांनी पुढे सरकतो. पुढच्या आठवडाभरात वारा कसा फिरेल, लाटा किती उंच उठतील, हे सारे डोळ्यांपुढे उलगडते.

यासाठी त्याने एक पैसाही मोजलेला नसतो. ‘ओपन-सीपीएन’ किंवा ‘एक्सवायग्रिब’ यांसारख्या आज्ञावल्या कोणालाही आपल्या संगणकावर मोफत उतरवून घेता येतात. त्यांत भरायची हवामानाची माहितीही मोफतच मिळते. आता जरा विचार करा. या माहितीमागे उपग्रह आहेत, महासंगणक आहेत, जगभरच्या हजारो वेधशाळा आहेत. यांतली एकही गोष्ट स्वस्त नाही. मग ज्या वस्तूला एवढा खर्च येतो ती फुकट कशी?

हा प्रश्न वरवर अर्थशास्त्राचा वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात सापडते. हा अंदाज खरे तर फुकट नाहीच. गेली पावणेदोनशे वर्षे खलाशी आणि शास्त्रज्ञ यांच्यात एक देवाणघेवाण चालू आहे, तिचे ते फळ आहे. ती देवाणघेवाण कशी सुरू झाली, कोठे अडखळली आणि आज ती कोणत्या रूपात चालू आहे ते आपण पाहू.

अडगळीतल्या रोजनिश्या

मॅथ्यू माँटेन मॉरी हा अमेरिकेच्या आरमारातला अधिकारी. १८३९ साली घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय जायबंदी झाला. समुद्रावर जाणे बंद झाले. १८४२ मध्ये त्याची नेमणूक वॉशिंग्टनच्या नकाशे व उपकरणे भांडारावर झाली. तिथे त्याला आरमाराच्या जुन्या जहाजांच्या रोजनिश्यांचे ढीग पडलेले दिसले. प्रत्येक रोजनिशीत जहाजाचे स्थान, वाऱ्याची दिशा, प्रवाह, तापमान अशा नोंदी होत्या. सफर संपली की त्या रोजनिशीचे काम संपले, असेच तोवर सर्वांना वाटत होते.

मॉरीने वेगळा विचार केला. एका कप्तानाचा अनुभव म्हणजे एक आठवण. पण एकाच भागातून, एकाच महिन्यात गेलेल्या शंभर कप्तानांचे अनुभव एकत्र केले, तर ते त्या समुद्राचे वर्णन ठरते. त्याने समुद्राचे पाच-पाच अंशांचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात, प्रत्येक महिन्यात वारा कोणत्या दिशेने किती वेळा आढळला याची मोजदाद करवली. त्यातून १८४७ मध्ये उत्तर अटलांटिकचा ‘वारे आणि प्रवाह’ यांचा पहिला नकाशा निघाला.

कप्तान मंडळी प्रथम साशंकच होती. मात्र १८४८ मध्ये बाल्टिमोरहून निघालेले एक जहाज मॉरीने सुचवलेल्या मार्गाने रिओ-द-जानेरोला अवघ्या ३८ दिवसांत पोचले. एरवी याला ५५ दिवस लागत. म्हणजे १७ दिवसांची बचत झाली, आणि तितक्या दिवसांचे अन्न, पाणी, पगारही वाचले! १८५१ मध्ये ‘फ्लाइंग क्लाउड’ हे शिडाचे जहाज न्यूयॉर्कहून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून ८९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोचले. या जहाजाचे दिशादर्शन कप्तानाची पत्नी एलिनॉर क्रीसी हिने केले होते आणि तिच्या हाताशी मॉरीचे नकाशे होते.

हे नकाशे मॉरीने विकले नाहीत. त्याची अट एकच होती. नकाशा हवा असेल तर आम्ही दिलेल्या तक्त्यात तुमच्या सफरीच्या नोंदी भरून पाठवा. नकाशा फुकट घेऊन जा. समुद्रावरच्या मोफत हवामान-माहितीचा पाया या साध्या अटीत आहे. नोंदी देणारा प्रत्येक कप्तान नकाशा सुधारत होता आणि सुधारलेला नकाशा पुन्हा कप्तानाच्याच उपयोगी पडत होता.

एका देशाच्या जहाजांनी सारा समुद्र व्यापता येत नाही. म्हणून १८५३ मध्ये मॉरीच्या खटपटीने ब्रुसेल्सला दहा देशांची परिषद भरली. अध्यक्ष होते बेल्जियमचे शास्त्रज्ञ केटले. सर्व जहाजांनी एकाच नमुन्यात, एकाच रीतीने नोंदी ठेवाव्यात असे तिथे ठरले. आणखी एक गोष्ट ठरली, ती आजही थक्क करते. युद्धात शत्रूचे जहाज पकडले गेले तरी त्यावरील हवामानाच्या नोंदींना धक्का लावायचा नाही! तोफा एकमेकांवर रोखल्या असतानाही वाऱ्याची नोंद ही सर्वांच्या मालकीची, हे तत्त्व तिथे मान्य झाले.

वादळापुढे धावणारी तार

मॉरीचा नकाशा सांगे, ‘जुलै महिन्यात येथे बहुधा असा वारा असतो.’ पण ‘उद्या काय होईल?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. त्या उत्तरासाठी दोन गोष्टी हव्या होत्या: एकाच वेळी अनेक ठिकाणी घेतलेल्या नोंदी, आणि वादळापेक्षा वेगाने धावणारा निरोप्या. असा निरोप्या तोवर तयार झाला होता. तो म्हणजे तारायंत्र.

ब्रुसेल्स परिषदेचा परिणाम म्हणून ब्रिटनने १८५४ मध्ये व्यापार मंडळाच्या हाताखाली एक छोटे हवामान खाते उघडले. त्याच्या प्रमुखपदी रॉबर्ट फिट्झरॉय यांना नेमले. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासाला गेला त्याचे हे कप्तान. खात्याचे काम खरे तर नोंदी गोळा करून तक्ते करण्याचे होते. पण २६ ऑक्टोबर १८५९ च्या पहाटे वेल्सच्या अँगलसी किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटले. ऑस्ट्रेलियातल्या खाणींचे सोने घेऊन प्रवासी घरी परतत होते. किनारा दिसत असताना सुमारे ४५० माणसे बुडाली. त्या एका वादळाने ब्रिटनच्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक जहाजांचा बळी घेतला.

फिट्झरॉय यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा वादळ किनाऱ्यावर क्रमाक्रमाने सरकत गेल्याचे दिसले. मग पहिल्या ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी तार करता आली नसती का? त्यांनी किनाऱ्यावरच्या पंधराएक केंद्रांकडून रोज सकाळी तारेने वायुभार, तापमान, वारा यांची माहिती मागवायला सुरुवात केली. फेब्रुवारी १८६१ पासून लंडनहून बंदरांना वादळाच्या इशाऱ्याच्या तारा जाऊ लागल्या. तार आली की बंदरात उंच काठीवर कापडाचा शंकू चढे. शंकूचे टोक वर असेल तर उत्तरेकडून वादळी वारा, खाली असेल तर दक्षिणेकडून. अक्षरओळख नसलेल्या कोळ्यालाही तो समजत असे, आणि त्यासाठी त्याला काही द्यावे लागत नसे. १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये सर्वसामान्यांसाठी पहिला अंदाज छापून आला. ‘फोरकास्ट’ हा शब्द हवामानासाठी रूढ केला तोही फिट्झरॉय यांनीच.

पुढची कथा दुःखद आहे. अंदाज चुकले की वृत्तपत्रे टर उडवत. ‘ज्यामागे सिद्धान्त नाही ते विज्ञान कसले?’ असे नामवंत शास्त्रज्ञ विचारत. तारांच्या खर्चाबद्दल कुरकुर होतीच. एप्रिल १८६५ मध्ये फिट्झरॉय यांनी स्वतःच्या हाताने जीवन संपवले. त्यानंतर नेमलेल्या समितीने प्रतिकूल अहवाल दिला आणि डिसेंबर १८६६ मध्ये इशारे बंद झाले.

पण ओरड कोणी केली? ती केली बंदरांनी आणि समुद्रावर पोट असणाऱ्यांनी. इशारा पुष्कळदा चुकतो हे त्यांना ठाऊक होतेच, पण मुळीच इशारा नसण्यापेक्षा तो बरा, हेही त्यांना अनुभवाने कळले होते. वर्षभरातच वादळाचे इशारे पुन्हा सुरू करावे लागले. वृत्तपत्रांतले अंदाज मात्र १८७९ पर्यंत थांबले. २००२ मध्ये ब्रिटनच्या सागरी अंदाजातील एका सागरविभागाला ‘फिट्झरॉय’ हे नाव देण्यात आले. उशिरा का होईना, ऋण फेडले गेले.

आपल्या किनाऱ्यावरचा बावटा

ही पद्धत आपल्याकडे यायलाही एक आपत्तीच कारण झाली. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता बंदर आणि हुगळीचे खोरे उद्ध्वस्त केले. हजारो माणसे मेली. दुसऱ्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवामानखाते स्थापन झाले आणि १८८६ पर्यंत ही व्यवस्था देशातील सर्व बंदरांना लागू झाली. मुंबईची कुलाबा वेधशाळा तर त्याआधीची, १८२६ सालची.

कोकणात आजही ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे म्हणतात. बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे, असा त्या खुणेचा अर्थ. हा बावटा म्हणजे फिट्झरॉय यांच्या शंकूचाच नातेवाईक. तो पाहायला तिकीट लागत नाही, हे त्या घराण्याचे वैशिष्ट्य.

गणिताने वारा काढता येईल काय?

फिट्झरॉय यांच्या टीकाकारांचा एक आक्षेप खरा होता. अंदाज करणारा नकाशा पाहून अनुभवाने बोलत होता. हवा हा एक वायू आहे, तो भौतिकशास्त्राचे नियम पाळतो. मग त्या नियमांची समीकरणे मांडून उद्याचा वारा काढता येणार नाही का? नॉर्वेच्या विल्हेल्म बियर्कनेस यांनी १९०४ मध्ये हा मार्ग सुचवला. इंग्लंडचे लुइस फ्राय रिचर्डसन यांनी तो प्रत्यक्ष चालून पाहिला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करत असताना त्यांनी २० मे १९१० या दिवसाच्या फक्त सहा तासांचे गणित हाताने केले. उत्तर आले: वायुभार १४५ मिलिबारने बदलेल. प्रत्यक्षात त्या दिवशी वायुभार जवळपास स्थिर होता!

रिचर्डसन यांनी हे अपयश लपवले नाही. १९२२ मध्ये पुस्तक लिहून ते सविस्तर मांडले. हवामान ज्या वेगाने बदलते त्या वेगाने गणित करायचे तर ६४,००० माणसे गणिताला बसवावी लागतील, असा हिशेबही त्यांनी दिला. ही माणसे पुढे यंत्राच्या रूपाने मिळाली. १९५० मध्ये अमेरिकेत ‘एनियाक’ या संगणकावर चार्नी, फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० बिंदूंच्या जाळीवर २४ तासांचा अंदाज केला. त्याला वेळ लागला सुमारे २४ तास. म्हणजे अंदाज आणि हवा यांची शर्यत बरोबरीत सुटली.

समुद्रासाठी वारा कळून भागत नाही, लाटाही कळाव्या लागतात. लाटांचा पद्धतशीर अंदाज दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्याच्या गरजेतून विकसित झाला. त्या कामात स्व्हेर्ड्रुप आणि मुंक यांचा मोठा वाटा होता.

गणित सुधारले तरी मॉरीची अट काही सुटली नाही. उद्याचे गणित करायला आजची स्थिती माहीत हवी, आणि वारा देशांच्या सीमा ओळखत नाही. १९६३ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ‘जागतिक हवामान निरीक्षण’ ही योजना मान्य केली. शीतयुद्ध ऐन भरात असताना तिची एक जागतिक केंद्रे वॉशिंग्टनला तर दुसरे मॉस्कोला होते. अण्वस्त्रे एकमेकांवर रोखणारे देश वायुभाराचे आकडे मात्र एकमेकांना देत राहिले. ब्रुसेल्सची परंपरा टिकली ती अशी.

फुकट की विकत?

या देवाणघेवाणीला खरा धोका युद्धाचा नव्हता, बाजाराचा होता. १९८० नंतर युरोपातील अनेक सरकारांनी आपापल्या हवामान खात्यांना ‘खर्चाचा काही भाग स्वतः मिळवा’ असे सांगितले. खाती माहिती विकू लागली. अमेरिकेत उलट पद्धत होती. तेथील कायद्यानुसार केंद्र सरकारने तयार केलेल्या मजकुरावर प्रकाशनहक्क नसतो. करदात्याने एकदा पैसे भरले आहेत, तेव्हा त्याच माहितीसाठी पुन्हा पैसे घ्यायचे नाहीत, असा विचार त्यामागे होता. एक बाजू फुकट देणार आणि दुसरी विकणार, तर देवाणघेवाण किती दिवस चालणार?

१९९५ मध्ये जागतिक हवामान संघटनेने आपल्या ४० क्रमांकाच्या ठरावाने तोडगा काढला. जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी लागणारी मूलभूत माहिती सर्वांना मोफत आणि निर्बंधाशिवाय द्यायची. त्यापलीकडच्या माहितीवर देश अटी घालू शकतील. २०२१ मध्ये हे धोरण अधिक व्यापक झाले. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्रानेही २०२२ पासून आपल्या ताज्या अंदाजाचा काही भाग खुला करायला सुरुवात केली. खलाशाच्या संगणकावर आज जो नकाशा फुकट दिसतो, त्याचा बराचसा भाग ‘जीएफएस’ या अमेरिकेच्या जागतिक प्रारूपातून येतो. तो फुकट आहे याचे कारण हे धोरण.

साडेचार हजार बाइटांचा समुद्र

माहिती फुकट असली तरी ती भर समुद्रात पोचायची कशी? वेगवान उपग्रह-इंटरनेट अलीकडचे. त्याआधी लहान बोटींना रेडिओ-मोडेम किंवा उपग्रह-दूरध्वनी यांवरच भागवावे लागे, आणि आजही पुष्कळ जण तेच करतात. उपग्रह-दूरध्वनीचा नेहमीचा वेग होता सेकंदाला २,४०० बिट. या वेगाने दोन मेगाबाइटांचे एक छायाचित्र यायला जवळजवळ दोन तास लागतील.

येथे एक युक्ती उपयोगी पडली. जागतिक हवामान संघटनेने १९८५ मध्ये ‘ग्रिब’ नावाची लेखनपद्धती मान्य केली. नकाशाचे चित्र पाठवायचे नाही, फक्त आकडे पाठवायचे. चित्र काढण्याचे काम खलाशाच्या संगणकावरची आज्ञावली करील. आकडेही पूर्ण लिहायचे नाहीत. समजा तीन ठिकाणचे वायुभार १००४.२, १००६.८ आणि १००३.५ आहेत. यांतील सर्वांत लहान आकडा, १००३.५, एकदाच लिहायचा. मग प्रत्येकाचा फरक दशांशात मोजायचा: ७, ३३ आणि ०. मोठे आकडे लहान झाले आणि जागा वाचली.

आता हिशेब करू. दहा अंश रुंद व दहा अंश उंच असा समुद्राचा चौकोन घ्या. दर अंशाला एक बिंदू धरला तर ११ × ११ म्हणजे १२१ बिंदू झाले. दोन दिवसांचा अंदाज दर सहा तासांनी हवा, म्हणजे ८ वेळा. प्रत्येक वेळी तीन राशी: वायुभार आणि वाऱ्याचे दोन घटक. एकूण आकडे १२१ × ८ × ३ = २,९०४. प्रत्येक आकड्याला १२ बिट दिले तर ३४,८४८ बिट, म्हणजे सुमारे साडेचार हजार बाइट. जोडणीला लागणारा वेळ सोडला तर ही फाइल १५ सेकंदांत येते!

वाऱ्याचे दोन घटक कशाला? दिशा आणि वेग का नाही? याचे उत्तर विद्यार्थ्यांना शोधायला लावावे. एका ठिकाणी वाऱ्याची दिशा ३५० अंश आहे, शेजारी १० अंश आहे. दोन्ही वारे जवळजवळ उत्तरेचे. पण दिशांची सरासरी काढली तर १८० अंश, म्हणजे चक्क दक्षिण! वाऱ्याचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे घटक पाडून त्यांची सरासरी घेतली की उत्तर बरोबर येते. सदिश राशींचे पाठ्यपुस्तकातले प्रकरण येथे प्रत्यक्ष जीव वाचवते.

या फाइली वाचणाऱ्या आज्ञावल्या बहुतांशी स्वयंसेवकांनी लिहिल्या आहेत. ‘झायग्रिब’ ही त्यांतली एक गाजलेली आज्ञावली. ‘एक्सवायग्रिब’ हा तिचाच पुढचा अवतार. ‘ओपन-सीपीएन’ नौकानयनाच्या नकाशावरच वारा दाखवते. या आज्ञावल्या केवळ मोफत नाहीत, मुक्त आहेत. मोफत म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे ती कशी लिहिली आहे हे कोणालाही वाचता येते, सुधारता येते आणि सुधारलेली प्रत दुसऱ्याला देता येते. मॉरीच्या नकाशाचेही असेच होते, वापरणाराच तो सुधारत होता.

फुकट अंदाज वाचताना

माहिती पोचली म्हणजे समजली असे नाही. २६ डिसेंबर १९९८ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनी ते होबार्ट ही शिडाच्या बोटींची शर्यत सुरू झाली. ११५ बोटी निघाल्या. हवामान खात्याने त्याच दुपारी वादळाचा इशारा दिला होता. दुसऱ्या दिवशी वादळाने गाठले. सहा जण मृत्युमुखी पडले, पाच बोटी बुडाल्या, फक्त ४४ बोटी होबार्टला पोचल्या. पुढे चौकशीत दिसून आले, की इशाऱ्यातील आकड्यांचा अर्थ अनेक खलाशांना नीट उमगला नव्हता. अंदाजात सांगितलेला वेग हा सरासरी असतो, वाऱ्याचा झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत अधिक जोराचा असू शकतो. लाटांची उंची सांगतात ती सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट तिच्या दुप्पटही असू शकते. चौकशीनंतर झोतांची आणि लाटांची ही माहिती अंदाजातच देण्याची शिफारस झाली आणि तसा बदल करण्यात आला.

म्हणून मोफत आज्ञावली निवडताना रंगांच्या झगमगाटापेक्षा काही साधे प्रश्न विचारावेत. नकाशामागचे प्रारूप कोणते? पाच निरनिराळ्या आज्ञावल्या एकच वारा दाखवत असतील तर पाच साक्षीदार मिळाले असे नव्हे. पाचही जणी एकाच ‘जीएफएस’चे आकडे रंगवत असण्याचा संभव मोठा. गणित केव्हाचे? ‘जीएफएस’चे गणित दिवसातून चार वेळा होते आणि वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. शून्य तास म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. हे विसरले की वादळ साडेपाच तास चुकते. जाळी किती बारीक? मोफत मिळणारे ‘जीएफएस’चे नेहमीचे आकडे पाव अंशाचे, म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे २८ किलोमीटरांचे असतात. त्यात एखादी खाडी, एखादा कडा किंवा दुपारचा खारा वारा नीट दिसत नाही. चक्रीवादळाचा गाभाही अशा जाळीत बोथट होतो. त्यामुळे वादळाच्या दिवसांत हवामान खात्याचा इशारा हाच शेवटचा शब्द मानावा. आपल्याकडे भारतीय हवामान खाते आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मच्छीमारांना असे इशारे आणि लाटांचे अंदाज मोफत देतात.

देणे अजून चालू आहे

आज बहुतेक निरीक्षणे उपग्रहांकडून येतात. तरी भर समुद्रातला पृष्ठभागावरचा वायुभार मोजायला जहाजे आणि तरंगते बोयेच लागतात. हजारो व्यापारी जहाजे स्वेच्छेने या नोंदी पाठवतात. काही नोंदी तर सक्तीच्या आहेत. इशारा मिळालेला नसताना दहा किंवा अधिक बलाचा वारा आढळला तर कप्तानाने तो आसपासच्या जहाजांना आणि किनाऱ्याला कळवलाच पाहिजे, असे समुद्री सुरक्षेचा ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. मॉरीची विनंती आज नियम झाली आहे.

२०१७-१८ मध्ये भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली, ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्याहून निघून त्या गोव्यालाच परतल्या. या सफरीच्या उद्देशांत एक उद्देश असा होता, की वाटेत हवामानाच्या आणि लाटांच्या नोंदी ठेवून त्या भारतीय हवामान खात्याला द्याव्यात. दक्षिण महासागरात जहाजांची वर्दळ थोडी, त्यामुळे तिथल्या प्रत्येक नोंदीचे मोल मोठे.

शिक्षकांना आम्ही एक सुचवू इच्छितो. आपल्या गावासाठी रोजचा वाऱ्याचा व वायुभाराचा मोफत अंदाज विद्यार्थ्यांना उतरवून घ्यायला सांगावे. त्याच वेळी शाळेच्या गच्चीवर वाऱ्याची दिशा आणि जमल्यास वायुभार मोजून नोंदवावा. महिनाभराने दोन्ही स्तंभ शेजारी ठेवून पाहावे. अंदाज कधी बरोबर येतो, कधी चुकतो, आणि चुकतो तेव्हा कोणत्या बाजूला चुकतो? समुद्र जवळ असेल तर गावातल्या तांडेलाला या चर्चेला अवश्य बोलवावे. आपल्या खाडीच्या तोंडाशी पाव अंशाच्या जाळीत न मावणारे वारे कोणते, ते त्याच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. अशी वही वर्षानुवर्षे चालू ठेवली तर पुढच्या वर्गांना ती आयती मिळेल. त्यांनी तिच्यात आपल्या वर्षाची पाने जोडावीत, एवढीच काय ती तिची किंमत.